पाहुणी आणि गाडीवरचा वडा

मैत्रिणींनो, परदेशातून पाहुणे येणार असं कळलं की आपण सगळ्यांत आधी काय करतो? पडदे धुतो. मीही धुतले. मग न्हाणीघरातला फुटका मग बदलला, चांगले कप माळ्यावरून काढले आणि बाटलीबंद पाण्याचा एक खोका आणून ठेवला. एवढं झाल्यावर मला वाटलं, झाली आपली तयारी. आज सांगणार आहे ते त्या तयारीत जे राहून गेलं त्याबद्दल. त्यात चूक माझी आहे, तेव्हा मनातल्या मनात हसलात तरी चालेल.

आमचे धाकटे दीर नोकरीनिमित्त जर्मनीत असतात. त्यांच्या शेजारी राहणारी एक बाई गेल्या ऑक्टोबरात भारत बघायला आली. पेशाने शाळामास्तरीण. ऑक्टोबरात तिच्या शाळेला पंधरा दिवसांची सुट्टी असते, तीच तिने साधली. आधी मुंबई, मग आमच्याकडे कोल्हापूरला पाच दिवस आणि पुढे गोवा, असा बेत होता. वय चाळिशीच्या आसपास, उंच, हसतमुख, आणि भारतात यायची पहिलीच वेळ. मुलांनी तिला पहिल्याच दिवशी मावशी करून टाकलं. माझं आणि तिचंही लवकर जमलं, कारण दोघींचंही इंग्रजी शाळेत शिकलेलं. इंग्रज बाई असती तर माझी भंबेरीच उडाली असती!

सासूबाईंनी ती येण्याआधीच फर्मान काढलं होतं. ‘परक्याची लेक आहे. तिच्या पोटाला काही झालं तर लोक आपल्याला नावं ठेवतील. तिला तिखटाचा कण द्यायचा नाही, आणि बाहेरचं तर मुळीच नाही.’ मलाही ते पटलं. मग काय, उकडलेले बटाटे, लोणी-ब्रेड, बिनफोडणीचं वरण, साधा जिऱ्याचा भात. आमचा स्वयंपाक वेगळा आणि तिचा वेगळा, असं दोन दिवस चाललं. ती मुकाट्याने जेवायची, ताट उचलून मोरीत ठेवायची आणि आभार मानायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी लसूण सोलत होते, तर येऊन माझ्याजवळ बसली आणि स्वतःही सोलायला लागली. मग हळूच म्हणाली, ‘एक विचारू? माझ्यासाठी निराळं का शिजतं? मुलं जे खातात त्याचा वास मला खोलीत येतो.’ मला काय उत्तर द्यावं कळेना. तिने पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला. दिरांचं अक्षर मी लगेच ओळखलं. त्यावर इंग्रजीत ओळीने लिहिलं होतं: मिसळ, गाडीवरचा वडा, रंकाळ्यावरची भेळ, उसाचा रस, गंगावेशीतलं दूध. भावजी तीन वर्षांत घरी आलेले नाहीत. पाहुणीच्या नावावर त्यांनी आपलीच भूक लिहून पाठवली होती. तो कागद वाचून सासूबाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘घेऊन जा, पण तू बरोबर राहा.’

आता तुम्ही म्हणाल, पहिल्यांदाच आलेल्या माणसाला रस्त्यावरचं खायला घालायचं म्हणजे जोखीमच. आहेच. म्हणून मी मनाशी एक सोपा हिशोब धरला. जे आपल्यासमोर उकळतंय किंवा तळलं जातंय आणि चटका बसेल इतकं गरम हातात येतंय, ते खायचं. जिथे कच्चं पाणी, बर्फ किंवा चिरून ठेवलेली फळं आली, तिथे थांबायचं. केळं, संत्रं आपल्या हातांनी सोलून खाल्लं तर हरकत नाही. आणि खाण्याआधी हात साबणाने धुवायचे, तिचेही आणि आपलेही. एवढं सांभाळलं तर पुष्कळ काही खाता येतं.

पहिली मिसळ. कोल्हापूरच्या बाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते, आमच्याकडे मिसळीबरोबर पाव देत नाहीत, बहुतेक ठिकाणी ब्रेडच्या जाड स्लाइस देतात. खाली मोड आलेल्या मटकीची उसळ, वर फरसाण-चिवडा, कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड, आणि ह्या सगळ्यावर पळीने सोडलेला लालभडक कट. भाजलेला कांदा, लसूण, सुकं खोबरं आणि आपली वर्षाची कांदा-लसूण चटणी घालून तो मोठ्या पातेल्यात सारखा उकळत असतो. तवंग बघूनच परक्या माणसाला घाम फुटावा. मी मालकांना सांगून कट वेगळ्या वाटीत मागवला, म्हणजे ती हवा तेवढा घेईल. हिने काय केलं? शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ भरभर ओतून घेत होते, त्यांचं बघून अख्खी वाटी ओतली!

पहिल्या दोन घासांना काही नाही. तिसऱ्याला कानाच्या पाळ्या लाल झाल्या, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. तिने घटाघट पाणी प्यायलं आणि आग आणखीच पसरली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, मुलांनाही उपयोगी पडेल. मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. म्हणून पाणी प्यायलं की तो नुसता तोंडभर फिरतो. दूध किंवा दही घेतलं तर आग उतरते, कारण दुधातली चरबी आणि प्रथिनं तो तिखट अंश धरून घेऊन जातात. मी लगेच दही मागवलं. दोन चमचे दही नुसतं खाल्लं, उरलेलं मिसळीत कालवलं, आणि बाईंनी बशी चाटूनपुसून संपवली. हसत होती आणि रुमालाने डोळे पुसत होती. आजूबाजूचे लोक खाणं थांबवून बघत होते. मालकांनी आपणहून आणखी दोन स्लाइस आणून ठेवल्या.

मग विचारायला लागली, यात काय काय आहे. मी शिक्षिका ना, मला तेवढंच हवं असतं! मी सांगितलं की मिरची मूळची आमची नव्हेच. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, आणि त्याच्या मागून आलेल्या पोर्तुगीजांनी मिरची इथे आणली. ती मूळची अमेरिका खंडातली. बटाटाही तिकडचाच, टोमॅटोही तिकडचाच, आणि ‘पाव’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीज. त्याआधी आपल्याकडे तिखटाला मिरीच असायची. तिला गंमत वाटली. म्हणाली, बटाटा आमच्याकडेही तिकडूनच आला आणि आता आम्ही त्याच्याशिवाय जेवत नाही. मग तिने त्यांच्या रस्त्यावरच्या खाण्याची गोष्ट सांगितली. महायुद्धात बर्लिन उद्ध्वस्त झालं होतं. तिथे हेर्टा हॉयवर नावाची बाई एक टपरी चालवायची. तिने १९४९ मध्ये टोमॅटोच्या सॉसमध्ये करी पावडर घालून ते भाजलेल्या सॉसेजवर ओतून विकायला सुरुवात केली. आज जर्मनीत ते गल्लोगल्ली मिळतं आणि लोक टपरीपाशी उभ्याने खातात. म्हणजे आपल्या मसाल्याचा वास तिकडे, आणि तिकडच्या बटाट्याचा वडा इकडे. वड्यावरून आठवलं, वडापाव पहिल्यांदा दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ च्या सुमारास विकायला घेतला असं मानतात. म्हणजे तोही काही फार जुना नाही.

त्या संध्याकाळी हे तिला गंगावेशीत घेऊन निघाले, दूध कट्ट्यावर. तिथे म्हशी बांधलेल्या असतात, समोर धार काढतात आणि लोक फेसाळतं दूध तिथल्या तिथे पितात. ह्यांना त्याचा केवढा अभिमान! लहानपणापासून पितात म्हणे. मी मात्र पदर खोचून आडवी आले. न तापवलेलं दूध कितीही ताजं असलं तरी त्यातून नाना रोग येऊ शकतात, आणि ज्यांना सवय नाही त्यांना तर हमखास त्रास. शेवटी तोड अशी निघाली की तिने धार बघितली, फोटो काढले, आणि तेच दूध डब्यातून घरी आणून मी चांगलं तापवून दिलं. वरची साय बोटाने काढून खाताना तिचा चेहरा बघायला हवा होता!

भेळ आम्ही सुकीच घेतली, लिंबू पिळून. उसाचा रस बिनबर्फाचा. पाणीपुरीला मात्र बाहेर साफ नाही म्हटलं. पाणीपुरीचं पाणी कुठलं आणि त्यात किती हात बुडाले ते आपल्याला कळत नाही. पुऱ्या आणून घरी उकळून गार केलेल्या पाण्याची केली. बाईंनी चौदा खाल्ल्या, धाकट्याने मोजल्या.

आता वडा. आमच्या कोपऱ्यावर एक गाडी आहे. नवरा-बायको दोघं चालवतात, पण कढईपाशी नेहमी ती. मी रोज शाळेत जाता-येता तिथून जाते, त्यामुळे तोंडओळख. ती मला ‘बाई’ म्हणते. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी शाळेतून आल्यावर आम्ही सगळे तिकडे गेलो, ती, मी, हे आणि दोन्ही मुलं.

‘या बाई. आज पाहुण्या आणल्या जणू? तिखट चालतंय का त्यास्नी? नसंल तर चटणी लावत न्हाई.’

मी म्हटलं, मिसळ पचवली आहे, लावा. तिने नवा घाणा सोडला. पाहुणी कढईकडे टक लावून बघत होती. उकडलेल्या बटाट्याचा गोळा डाळीच्या पिठात बुडवून, एका बोटाने जादा पीठ निपटून तेलात सोडायचा, दुसऱ्या हाताने झारा फिरवायचा, आणि त्याच वेळी तोंडाने गिऱ्हाइकाला सुटे पैसे मागायचे. पाहुणी म्हणाली, वर्गात एकदम तीस मुलांकडे लक्ष ठेवावं तसं आहे हे. गाडीवर वडे स्टीलच्या ताटलीत देतात. घरी न्यायचे असले तर वर्तमानपत्रात बांधतात, ते तेवढं मला आवडत नाही. छपाईची शाई गरम तेलकट पदार्थाला लागते आणि पोटात जाते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच तसं करू नका म्हणून सांगितलं आहे, तरी चालूच आहे. आपण घरून डबा न्यावा हे बरं. असो. आम्ही पाचही जणांनी दोन-दोन वडे खाल्ले, तळलेल्या मिरचीसकट. पाहुणीने दोन्ही हात जोडून तिला नमस्कार केला, तशी ती लाजली.

रात्री साडेअकराला पाहुणीच्या खोलीतून आवाज आला. जाऊन बघते तर न्हाणीघरात खाली बसलेली, पांढरीफटक. दोन वाजेपर्यंत पाच-सहा उलट्या झाल्या. मी साखर-मीठ-पाणी करून चमच्या-चमच्याने पाजत राहिले. सासूबाई देवापाशी दिवा लावून बसल्या. माझ्याकडे बघून एकच वाक्य बोलल्या, ‘मी सांगत होते.’ ते वाक्य रात्रभर माझ्या डोक्यात घणासारखं पडत होतं. तिकडे जर्मनीत भावजींना काय तोंड दाखवायचं, परक्या बाईला आणखी काही झालं तर कोणाला कळवायचं, असे नाही नाही ते विचार येत होते.

पहाटे तिला डोळा लागला. साडेआठला मी औषधाच्या दुकानातून जलसंजीवनीची पाकिटं आणायला बाहेर पडले. कोपऱ्यावर गाडी लागलेली. चार-पाच माणसं उभी होती. रात्रभराचं जागरण, वर सासूबाईंचं ते वाक्य. मी थांबले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, ‘तुमचा वडा खाऊन आमच्या पाहुण्यांना रात्रभर उलट्या झाल्या. ते तेल तरी बदलता की नाही कधी?’

ती काही बोलली नाही. झारा हातात तसाच. दोन माणसांनी हातातल्या ताटल्या अर्धवट खाऊन खाली ठेवल्या. एकाने पैसे दिले, दुसरा तसाच निघून गेला. तिचा नवरा काहीतरी बोलायला पुढे आला, तर तिने त्याला हातानेच थांबवलं. मग मला विचारलं, ‘आता कशा हाईत त्या?’

मी ‘बरी आहे’ म्हटलं आणि निघाले. त्या वेळी मला माझंच बरोबर वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे.

दहाला आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तपासलं, ताप नाही, पोट मऊ आहे, घाबरायचं कारण नाही म्हणाल्या. मग काय खाल्लं ते विचारलं. मी लगेच वड्याचं सांगितलं. ‘किती वाजता?’ सहाला. ‘आणखी कोणी खाल्ला?’ सगळ्यांनी. ‘मग तुम्ही बऱ्या कशा?’ मी गप्प. ‘रात्री काय जेवण होतं?’

रात्री तिने जिऱ्याचा भात खाल्ला होता. सासूबाई म्हणाल्या होत्या, बाहेरचं खाऊन झालं, आता रात्री तरी पोटाला आराम द्या. तो भात मी शाळेला जाण्यापूर्वी, सकाळी अकराला केलेला. ओट्यावर झाकून ठेवला होता. ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. रात्री नऊला थोडा गरम करून तिला वाढला. सासूबाई रात्री दूध-भाकरी खातात, मुलं वड्यांनीच भरलेली, मी पोळी खाल्ली. ‘म्हणजे भात एकट्या ह्यांनीच खाल्ला?’ डॉक्टरीणबाईंनी विचारलं. तेव्हा बाजूला बसलेले हे खाकरले. म्हणाले, ‘उरलेला मी संपवला. मलाही रात्री एकदा उलटी झाली. पित्त असेल म्हणून बोललो नाही.’

अहो, ह्या पुरुषांना काय म्हणावं!

डॉक्टरीणबाईंनी मग नीट समजावलं. तांदळात बॅसिलस सेरेअस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. भात शिजतो तेव्हा ते सगळे मरत नाहीत, काही तग धरतात. शिजलेला भात उबदार जागी तास न् तास राहिला की ते रुजतात, वाढतात, आणि त्यांच्यातले काही एक विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही, फोडणी घातल्यानेही जात नाही. असा भात खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत उलट्या सुरू होतात आणि साधारण दिवसभरात थांबतात. प्रवाशांना पाण्यातून किंवा कच्च्या अन्नातून जो जुलाबाचा त्रास होतो त्याला बहुतेक वेळा एक ते तीन दिवस लागतात. ‘मी काही भात तपासलेला नाही,’ त्या म्हणाल्या, ‘पण पाच जणांनी वडा खाल्ला आणि भात खाल्लेले दोघेच आजारी पडले. तुम्हीच ठरवा.’

मी म्हटलं, अहो, आम्ही तर रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी देऊन वर्षानुवर्षं खातोय. त्या म्हणाल्या, दर वेळी विष तयार होतंच असं नाही. आणि होतं तेव्हा तुम्ही त्याला पित्त म्हणता.

तेव्हा मैत्रिणींनो, भात लागेल तेवढाच करा. उरला तर भांड्यात तसाच झाकून ठेवू नका. परातीत पसरून लवकर निवू द्या आणि तासाभरात, फार तर दोन तासांत, फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत एकदाच गरम करा आणि संपवा. दिवसभर ओट्यावर राहिलेला असेल तर जिवावर येतं, पण टाका. आणि उलट्या-जुलाबांत पाणी महत्त्वाचं. जलसंजीवनीचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवायचं, मोठं असलं तर एक लिटर. अंदाजाने ग्लासात नाही. पाकीट हाताशी नसलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चहाचा चमचा घ्या, मापाला चुकू नका, मीठ जास्त झालं तर अपाय होतो. लघवी कमी झाली, रक्त पडलं, ताप आला किंवा पाणीही ठरेना, तर घरी बसू नका.

संध्याकाळपर्यंत पाहुणी उठून बसली, मऊ खिचडी खाल्ली, तीही माझ्यासमोर पातेल्यातून उतरलेली. गोव्याचं तिकीट एक दिवस पुढे ढकललं. पण माझ्या घशात ती गाडी अडकली होती. घरात विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, ‘जाऊन काय सांगणार? आमच्या घरच्या भाताने झालं म्हणून? झाकली मूठ राहू दे.’ ह्यांचं म्हणणं, सकाळी लवकर, कोणी नसताना जाऊन हळूच सांगून ये. मला ते पटत आलं होतं, खरंच सांगते.

पाहुणीला सगळं काही मराठी कळत नव्हतं, पण काय चाललंय ते तिने विचारून घेतलं. मग म्हणाली, ‘माझ्याकडून कधी एखाद्या मुलाला वर्गासमोर उगाच रागावणं झालं, तर मी माफीही वर्गासमोरच मागते. तू काय करतेस?’

मी काय करते ते मी तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला, गाडीवर गर्दी असते त्या वेळी, आम्ही दोघी गेलो. माझ्या पायांत गोळे आले होते. भाषण देण्याची सवय असूनही वाक्य जुळेना. मी म्हटलं, ‘वहिनी, परवाचं तुमच्या वड्याने झालं नव्हतं. माझ्या घरच्या भाताने झालं. डॉक्टरांनी सांगितलं. मी सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोर सांगते. माझं चुकलं.’ माणसं वळून बघायला लागली. एक आजोबा म्हणाले, ‘भातानं? भातानं कधी काय होतंय?’ मग मला तिथे उभं राहून जंतूंचं सगळं पुराण पुन्हा सांगावं लागलं. चार बायका तर घरी ठेवलेल्या भाताची चौकशी करायला लागल्या!

ती झाऱ्याने वडे उलटत होती. ऐकून घेतलं. म्हणाली, ‘त्या दिवशी दुपारपातुर गिऱ्हाईक कमीच आलं.’ आवाजात राग नव्हता, पण सांगितलं. आणि मग पाहुणीकडे बघून, ‘त्यास्नी आज वडा चालंल?’

पाहुणीने एकच खाल्ला, बिनचटणीचा, सावकाश. मी आमच्या वड्यांचे पैसे दिले आणि त्या दिवशी अर्धवट टाकलेल्या दोन ताटल्यांचेही देऊ केले. ते तिने घेतले नाहीत. वड्यांचे मात्र मोजून घेतले आणि सुटे परत दिले.

त्या दोघांपैकी एक गृहस्थ मला आता पुन्हा गाडीवर दिसतात. दुसरे अजून दिसलेले नाहीत.